हिरव्या मण्यांचे खरे नाव

गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या आईची माळ पुन्हा गाठवून घेण्यासाठी माझ्याकडे आणून दिली. दोरा कुजून तुटला होता, दहा मिलिमीटरचे ३६ गोल हिरवे मणी डबीत सुटे पडले होते आणि डबीतल्या जुन्या चिठ्ठीवर ‘जेड’ असे लिहिलेले होते. आईची आठवण म्हणून माळ मुलीला द्यायची असल्याने मणी नक्की कशाचे आहेत, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

खरे जेड म्हणजे दोनच दगड, नेफ्राइट आणि जेडाइट. बाजारात मात्र ॲव्हेंच्युरीनला (अभ्रकाच्या चकत्या असलेले क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी) ‘इंडियन जेड’, सर्पेंटाइन या दुसऱ्या हिरव्या दगडाला ‘न्यू जेड’ आणि रंगवलेल्या क्वार्ट्झला ‘मलेशिया जेड’ म्हणून विकले जाते. ही नावे कितीही रूढ झाली असली तरी माझ्या मते ती ग्राहकाची फसवणूकच आहेत. म्हणून हिरव्या मण्याच्या बाबतीत मी रंगावर सर्वांत कमी विश्वास ठेवते.

प्रथम दहापट भिंगाखाली प्रत्येक मणी पाहिला. ३४ मण्यांमध्ये अभ्रकाच्या बारीक हिरव्या चकत्या होत्या आणि मणी फिरवला की त्या चमकत होत्या. उरलेल्या दोन मण्यांमध्ये चकत्या नव्हत्या, गोल बुडबुडे होते आणि भोकाची कडा वितळल्यासारखी गुळगुळीत होती. ते काचेचे होते. कधी तरी हरवलेल्या मण्यांच्या जागी कुणी तरी बसवलेले असावेत. दगडाच्या मण्याला बहुधा दोन्ही बाजूंनी भोक पाडतात, त्यामुळे आत मध्यभागी दोन भोके किंचित सरकून भेटलेली दिसतात. त्या ३४ मण्यांपैकी बहुतेकांत ती खूण होती.

त्यानंतर घनता मोजली. ही चाचणी घरच्या घरी होते आणि मण्याला ओरखडा पाडावा लागत नाही, म्हणून मला ती सर्वांत प्रिय आहे. काचेचे मणी बाजूला ठेवून उरलेल्यांचे कोरडे वजन केले, ते ४५.९ ग्रॅम भरले. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि बारीक दोऱ्यात ओवलेले तेच मणी, पेल्याच्या तळाला किंवा कडेला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडतील असे धरले. काट्याने १७.४ ग्रॅम दाखवले. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घनसेंटिमीटर, म्हणजे मण्यांनी तेवढे घनसेंटिमीटर पाणी सारले. ४५.९ ला १७.४ ने भागले की २.६४ येते. क्वार्ट्झची घनता २.६५ च्या आसपास, नेफ्राइटची सुमारे २.९५ आणि जेडाइटची सुमारे ३.३ असते, तेव्हा जेड असण्याची शक्यता तिथेच संपली. भोकात हवा अडकली तर आकडा कमी येतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून मणी हलवून घ्यावेत. एकच मणी मोजू नये, कारण अर्ध्या घनसेंटिमीटरच्या मापात काट्याची शतांश ग्रॅमची चूकही दोन टक्क्यांची होते आणि तेवढ्यात क्वार्ट्झ व कॅल्साइट (चुनखडीतले खनिज) यांतला फरक पुसला जातो.

शेवटी ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस एका मण्याच्या भोकाजवळ घासला, कारण रंगवलेल्या दगडात रंग तिथे आणि भेगांमध्ये साचतो. कापूस पांढराच राहिला. (मोती, पोवळे, अंबर किंवा चिकटवलेला दगड असेल तर ॲसिटोन लावू नये.) घनता, अभ्रकाच्या चकत्या आणि न सुटलेला रंग एकत्र पाहता हे मणी ॲव्हेंच्युरीनचे आहेत, असे मी त्यांना सांगितले, लेखी प्रमाणपत्र हवे असल्यास रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत जावे लागेल, हेही सांगितले.

त्यांनी क्षणभर चिठ्ठीकडे पाहिले आणि काचेचे दोन मणीही माळेतच ठेवायला सांगितले, कारण आईने माळ तशीच घातली होती. ते मी मानेमागे, फाशाच्या दोन बाजूंना ओवले आणि डबीत जुन्या चिठ्ठीशेजारी नवी ठेवली : ‘ॲव्हेंच्युरीन ३४, काच २.’