जुना डोमेन कंट्रोलर काढताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यातले दोन्ही जुने डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांचं लॉगिन तपासणारे सर्व्हर) गणपतीच्या सुट्टीत बदलले. दोन्हीवर विंडोज सर्व्हर 2012 आर2 होतं, त्याचा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 लाच संपलाय, पुढचे सिक्युरिटी अपडेट पाहिजेत तर वेगळे पैसे भरायचे. मालकांना आधीपास्नं सांगत होतो, खरं त्यांचं उत्तर एकच, "चालतंय की, कशाला हात लावायचा?" त्यांचंही समजतं, फाउंड्रीवाल्याला आधी भट्टी आणि सीएनसी दिसतात. खरं त्या कोपऱ्यातल्या मशीनमध्ये कंपनीतल्या सगळ्यांची खाती आणि पासवर्डचे हॅश (पासवर्डवरून बनवलेले सांकेतिक ठसे) असतात, ते चोराच्या हातात गेलं की अख्खं नेटवर्कच गेलं, म्हणून या कामात मी जरा हट्टच धरतो.

सरळ सर्व्हर 2025 का नाही घेतला असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्याला डोमेनची फंक्शनल लेव्हल (सगळे डीसी मिळून ज्या आवृत्तीच्या सोयी वापरतात ती पातळी) निदान 2016 लागते आणि 2012 आर2 चा डीसी आत असेपर्यंत ती वाढवताच येत नाही, म्हणून 2022. तेही लगेच जमलं नाही, कारण हे डोमेन सर्व्हर 2003 च्या काळातलं, सिसव्हॉलची (डोमेनच्या पॉलिसी आणि स्क्रिप्ट असलेलं फोल्डर) एका डीसीवरून दुसऱ्यावर कॉपी अजून एफआरएस या जुन्या पद्धतीनंच चाललेली, आणि नव्या सर्व्हरमध्ये एफआरएस राहिलेलंच नाही. आधी डीएफएसआर या नव्या कॉपी पद्धतीवर न्यावं लागतं. त्याच्या टप्प्यांत घाई करू नका, दोन्ही डीसी पोचलेत हे बघूनच पुढं जावा, शेवटचा टप्पा झाला की मागं येता येत नाही.

बाकी नवीन डीसी उभा करणं, पाच एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच डीसीकडं असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) हलवणं हे तासाभराचं काम. फक्त त्यातला पीडीसी एम्युलेटर, म्हणजे सगळ्यांना वेळ देणारा रोल, हलला की वेळ कुठून घ्यायची ते नव्यावर परत सेट करा. आपल्याकडं पावसाळ्यात लाईट जाऊन येऊन असते, बोर्डावरचा सेल संपलेला असला की मशीन भलतीच वेळ घेऊन उठतं, आणि घड्याळात 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरॉस (डोमेनची लॉगिन तपासायची पद्धत) लॉगिनच देत नाही.

खरं काम म्हणजे जुन्याला अजून कोण कोण विचारतंय ते शोधणं. डीएचसीपीमध्ये (पीसींना आयपी वाटणारी सेवा) नवीन डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारा सर्व्हर, इथं तो डीसीच) टाकला की ऑफिसचे पीसी आपोआप वळतात, पण हातानं आयपी घातलेली मशीनं वळत नाहीत आणि ती कुणाच्या यादीतच नसतात. म्हणून जुन्यावर डीएनएसचा लॉग चालू करून ठेवला आणि रोज बघत बसलो. हजेरीचं मशीन सापडलं, क्वालिटीतल्या सीएमएमचा (पार्टची मापं घेणारं मशीन) पीसी सापडला, स्कॅनर तर अॅड्रेसबुकसाठी थेट जुन्याच्या आयपीवर जात होता. लॉग शांत झाल्यावर जुना नुसता बंद करून ठेवला, डिमोट (डीसीपण रीतसर काढून घेणं) नाही केला. दुसऱ्या दिवशी सकाळीच अकाउंटच्या मॅडमचा फोन, "सर, टॅली उघडना झालंय." स्टोअरमधल्या त्यांच्या दुसऱ्या पीसीवर जुना डीएनएस होता, तो पीसी महिनाअखेरीलाच चालू होतो. बदलला, झालं.

काही जण जुन्याचाच आयपी नव्याला देतात, मग हे शोधायची गरजच पडत नाही. मला ते पटत नाही, कुठलं मशीन कशावर टेकलंय ते तसंच झाकलेलं राहतं. मशीनवाल्या कंपनीनं पीसी लॉक करून दिला असेल तर मात्र तोच मार्ग.

मग जुना परत चालू करून, रेपअॅडमिनमध्ये (डीसींमधली कॉपी नीट होते का ते दाखवणारी कमांड) एकही एरर नाही हे बघून रीतसर डिमोट केला. नुसता फॉरमॅट मारला तर डिरेक्टरीत त्याचं नाव राहतं आणि बाकीचे त्याला शोधत बसतात. आणि बंद ठेवायचा म्हणून महिनोन्‌महिने ठेवू नका, टॉम्बस्टोनची (डिलीट केलेल्या नोंदींची खूण डिरेक्टरीत राहण्याची) मुदत साधारण 180 दिवस असते, 2003 च्या काळातल्या डोमेनमध्ये 60 च असू शकते, ती उलटल्यावर तो परत जोडणं धोक्याचं.

आता निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडचं काम आलंय. तिथं एकच डीसी आहे, तोही 2012 चा, त्यामुळे आधी शेजारी दुसरा उभा करायचा, बॅकअप परत लावून बघायचा, आणि मगच जुन्याला हात.