कोरा रकाना

बी.ए.च्या प्रवेशाचे दिवस होते. आमच्याकडे मराठीच्या प्राध्यापकांनाही आळीपाळीने फॉर्म तपासायला बसवतात. दुपारी रांगेतून एक मुलगी पुढे आली, मागे तिची आई. आई कारखान्यात विड्या देऊन तशीच आली होती. अंगाला तंबाखूचा वास, पानं दुमडून दुमडून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली.

फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना कोरा.

"हे राहिलंय गं, भर," मी सवयीने म्हणाले.

"राहिलं नाही मॅडम. तसंच आहे ते."

क्लार्कने मान हलवली. तो रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे जात नव्हता. "काहीतरी टाका की," तो म्हणाला. मुलगी बोलेना, पण पेनही उचलेना.

मला घाम फुटला. गेली बारा वर्षं मी 'अक्करमाशी' शिकवतेय. शरणकुमार लिंबाळे आपल्याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. 1984 साली आलेलं हे आत्मकथन. आई दलित, बाप पाटील, आणि 'बाप कोण?' हा प्रश्न पानापानावर पोराच्या मागे लागलेला. वर्गात मी ते 'त्या काळचं वास्तव' म्हणून सांगत आले. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं, असं राज्य सरकारने ठरवलं, तेव्हा तर मी मोठ्या अभिमानाने म्हटलं होतं की पुस्तकातला प्रश्न चाळीस वर्षांनी सरकारी कागदापर्यंत पोचला. समोरची मुलगी त्या तारखेच्या कितीतरी आधी जन्मलेली. आणि तिला 'भर' म्हणणारी मीच.

मी फॉर्म घेऊन थेट प्राचार्यांकडे गेले. तास गेला, वाद झाला, दोन फोन झाले. शेवटी आईचं नाव पालक म्हणून लागलं, वडिलांच्या जागी नुसती रेघ.

तोवर मायलेकी माझ्या टेबलाशी बसून होत्या. पुस्तक तिथंच पडलेलं. मुलीने ते चाळलं होतं.

"आईला सांगितली मी गोष्ट," ती म्हणाली.

आईने विचारलं, "त्या पोराचं पुढं काय झालं हो मॅडम?"

"प्राध्यापक झाले. खूप पुस्तकं लिहिली. 2020 चा सरस्वती सन्मान मिळाला त्यांना, देशातला मोठा पुरस्कार."

"बरं झालं की." थोडा वेळ ती गप्प राहिली. "आन् त्याच्या आईचं?"

बारा वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हे विचारलं नव्हतं. परीक्षेत मीही कधी विचारलं नव्हतं.

"नाव काय तिचं?"

"मसामाय."

"मसामाय," ती म्हणाली, आणि लेकीच्या हातातलं पुस्तक आपल्याकडे घेतलं.