बाराचा पाठ

शाळेच्या स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. मागांच्या खडखडाटात ‘मनोगत’ऐवजी ‘मदत’ ऐकू आलं, म्हणून विचारलं, "किती लिहू?" पलीकडून उत्तर आलं, "एक पान." काढलेलं चेकबुक परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. भलतंच ऐकायची ही खोड आपल्याच शाळेतली, तिसरी ब मधली.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात, गल्लीत, सगळीकडे तेलुगू. मराठी भेटायची ती शाळेत, तीही अर्धीमुर्धी. चार हुतात्मा चौक म्हणजे चार रस्ते, असंच मी धरून चाललो होतो. एका १२ जानेवारीला बाईंनी १९३१ सालची येरवड्याची फाशी सांगितली; धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन ही नावं फळ्यावर लिहिली, तेव्हा कळलं की चार म्हणजे माणसं.

बाई म्हणजे कोणत्या, हे या स्मरणिकेत सांगायला नको.

तर एके दिवशी बाई म्हणाल्या, "उद्या बाराचा पाठ करून या." ‘पाढा’ हा शब्द त्या बहुधा आधी बोलून गेल्या असाव्यात. माझ्या कानाला ‘पाठ’ लागला तो ‘पाट’ म्हणून, आणि पाट म्हणजे आमच्यात गाणं. बारा गाणी! अव्वा सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. तिला सांगितलं, बाईंनी बारा पाट सांगितलेत. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत आणखी काय शिकवतात? ती वळता वळता गायची, मी मागून म्हणायचो. रात्रीपर्यंत तीनच बसली. तिची हजार बिड्यांची हजारी मात्र त्या दिवशी भरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो. "बाई, बारा नाय झाले. तीनच झाले."

"तीन तर तीन, म्हण."

मी गायला लागलो. पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी नुसतं बघितलं, आवाज बंद. तिसरं बतुकम्मा सणाचं होतं, दर ओळीला ‘उय्यालो’. दोन ओळी झाल्या आणि मागच्या बाकावरून एक ‘उय्यालो’ आला, मग खिडकीकडून. अर्धा वर्ग आमच्याच भागातला, राहतोय कशाला?

गाणं संपल्यावर बाईंनी फळ्यावर ‘पाट’ आणि ‘पाठ’ लिहिलं. माझा तळवा माझ्याच तोंडासमोर धरला. "ठ म्हण. हाताला वारा लागला पाहिजे." लागला. पाढा मी शनिवारी म्हटला.

आज माझे टॉवेलचे चोवीस माग आहेत, माल परदेशात जातो, मुलगी पुण्यात कंपनीत आहे. नातू इंग्रजी शाळेत. तो ‘ठ’ नीट म्हणतो, पण अव्वाच्या तेलुगूतलं त्याला काही कळत नाही. शाळेतही म्हणे आता मराठी तुकड्यांना पोरं शोधावी लागतात. असो.

बाई शेवटच्या भेटल्या गड्डा यात्रेच्या गर्दीत, होम मैदानावर. मी पाया पडलो. म्हणाल्या, "उरलेली नऊ राहिलीत तुझी." तोवर अव्वा गेली होती. त्या बोलल्या नाहीत, माझा हात धरून पाळण्यांपर्यंत चालल्या.

तीनातलीही दोनच मला आता येतात. मधल्या गाण्याची दुसरी ओळ काही केल्या आठवत नाही. तिसरी ब मधल्या कुणाला येत असेल, तर मेळाव्याच्या दिवशी मला गाठा. मी जेवणाच्या मांडवात आहे, माझ्याकडे वाढपाचं काम दिलंय.