त्या हाताची वाट

सोमवार, रात्री उशिरा

नदीकाठच्या खडकातून बाहेर आलेला एक हात. दगड झालेला, बोटांमध्ये पातळ पडदा, टोकाला नख्या. 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'ची गोष्ट या हातापासून सुरू होते आणि दर वेळी मी इथेच सावरून बसते. जीवाश्म सापडला म्हणून माणसं हरखून गेलेली असतात. तेवढ्यात, कोणाचंही लक्ष नसताना, काठाशी पाण्यातून अगदी तसाच एक हात वर येतो. ओला आणि जिवंत. जमिनीवर टेकतो आणि पुन्हा पाण्यात नाहीसा होतो.

चित्रपट १९५४ चा. कृष्णधवल, आणि मुळात थ्रीडीत चित्रित केलेला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. घरातले सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज जेमतेम ऐकू येईल इतका. भीती वाटली, खूप वाटली. पण अंथरुणात पडल्यावर डोक्यात दुसरंच घोळत होतं. ते तळं गिल-मॅनचं, त्या कल्लेवाल्या जलमानवाचं, घर होतं, आणि ही माणसं न विचारता त्याच्या घरात शिरली होती.

आज तो पुन्हा लावला, कारण त्याच्या रिमेकचा विषय परत निघालाय. हा विषय किती वर्षं निघतोय! १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन कार्पेंटर तो करणार होता. ज्याने 'द थिंग' नव्याने घडवला तो माणूस या पाण्यात उतरला असता तर काय झालं असतं, हा विचार मी कितीतरी वेळा केलाय. तो चित्रपट झालाच नाही. नंतर आणखी नावं आली आणि विरली. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, ममी, अदृश्य माणूस, वुल्फ मॅन, सगळ्यांना नवा जन्म मिळाला, काहींना तर चार-चारदा. गिल-मॅनच्या वाट्याला १९५५ आणि १९५६ चे दोन पुढचे भाग आले, मग सगळं शांत.

खरं सांगायचं तर, इतकी वाट मी दुसऱ्या कुठल्याच चित्रपटाची पाहिलेली नाही.

मंगळवार

काल झोप लागली नाही. पडल्या पडल्या जुन्या राक्षसांचे हात आठवत राहिले. चेहऱ्यांबद्दल सगळे बोलतात, मेकअप करणाऱ्या जॅक पियर्सने नट बोरिस कार्लोफला दिलेल्या त्या चपट्या कपाळाबद्दल, मानेतल्या खिळ्यांबद्दल. पण मला त्यातला सगळ्यात जवळचा वाटतो तो क्षण हातांचा आहे. १९३१ चा 'फ्रँकेन्स्टाइन'. छतातली झडप सरकते, वरून उजेड येतो. कार्लोफ हळूहळू मान वर करतो आणि दोन्ही हात त्या उजेडाकडे नेतो. उजेड धरता येईल असं त्याला वाटतं. मग झडप बंद होते. तो आपल्या निर्मात्याकडे वळतो, तळवे उघडे, काहीतरी मागत असल्यासारखा. अख्ख्या दृश्यात त्याच्या तोंडी एक शब्द नाही.

त्याच चित्रपटातली तळ्याकाठची लहान मुलगी. ती त्याला फुलं देते, दोघं मिळून ती पाण्यावर सोडतात, फुलं तरंगतात. फुलं संपतात. आता ही मुलगीसुद्धा तरंगेल असं त्याला वाटतं आणि तो तिला उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते तेव्हा घाबरतो तोच. हा तुकडा पुढे सेन्सॉरने कापला, आणि नेमका कुठे कापला तर त्याचे हात तिच्याकडे झेपावतात तिथे. त्यानंतर ती मुलगी दिसते ती थेट बापाच्या हातांवरचं प्रेत म्हणून. म्हणजे पुढची कित्येक दशकं प्रेक्षकांनी ते पुढे आलेले हात पाहिले आणि मनातल्या मनात भलतंच काहीतरी भरून घेतलं. भयानक ठरू नये म्हणून कापलं आणि त्यामुळेच ते जास्त भयानक झालं. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. मी आधी कापलेली आवृत्ती पाहिली होती, नंतर पूर्ण. पूर्ण दृश्य पाहिलं त्या दिवशी मला रडू आलं. इतकी वर्षं मी त्याच्यावर खोटा आळ घेऊन बसले होते.

रिमेकची ओढ मला का वाटते, याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. जुन्या चित्रपटांनी काही गोष्टी कापल्या, काही त्यांना सांगताच आल्या नाहीत, काही सांगायचं त्यांना सुचलं नाही. नव्याने तिथे जावं. आख्खी इमारत पाडून नवी उभारायची गरज नाही, बंद राहिलेली एखादी खोली उघडली तरी पुरे.

१९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मधली वधू घ्या. जिच्या नावावर चित्रपट आहे ती शेवटच्या काही मिनिटांत येते. एल्सा लँचेस्टरला वधू म्हणून एकही वाक्य नाही, आहेत त्या फक्त किंकाळ्या आणि हंसिणीसारखे फूत्कार. तो तिचा हात आपल्या हातात घेतो, थोपटतो, इतक्या हळुवारपणे की पाहवत नाही, आणि ती किंचाळते. तिला काय हवं होतं? कोणी विचारलंच नाही. मॅगी जिलनहॉल जेसी बकलीला घेऊन या वधूवरच अख्खा चित्रपट करतेय असं कळलं, तेव्हा मला वाटलं, बरोबर, हीच ती बंद खोली.

बुधवार

आज दोन ओळीच. १९२२ चा मुर्नाऊचा 'नोस्फेराटू', तो रक्तपिपाशाचा मूकपट, थोडा पाहिला. जिन्यावरून चढणारी सावली सगळ्यांना ठाऊक असते, मला मात्र त्यानंतरची हवी असते, नायिका एलेनच्या छातीवरून सरकत जाऊन हृदयावर मूठ आवळणारी हाताची सावली.

शुक्रवार

परवाच्या दोन ओळी पुढे नेते. हा 'नोस्फेराटू' आज आपल्याला पाहायला मिळतो हेच नवल. ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने खटला लढवला, परवानगी न घेता 'ड्रॅक्युला' उचलल्याबद्दल. न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या. आणि त्या वाचलेल्या प्रतींमुळेच रॉबर्ट एगर्स नावाच्या एका मुलाला तो चित्रपट भेटला, त्याने शाळेत असताना त्याचं नाटक बसवलं, आणि २०२४ मध्ये स्वतःचा 'नोस्फेराटू' आणला. घोषणा झाली तेव्हापासून पडद्यावर येईपर्यंत जवळजवळ दहा वर्षं गेली. मी ती सगळी वर्षं मोजली आहेत. ट्रेलरमध्ये झोपलेल्या शहरावरून एका प्रचंड हाताची सावली पसरत जाते, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्याने तो हात विसरला नव्हता! मुर्नाऊच्या चित्रपटात एका बाईच्या हृदयावर होता तो हात, इथे अख्ख्या गावावर. जुन्याची आठवण ठेवून पुढे जाणं म्हणतात ते हेच.

ली व्हॅनेलचा २०२० चा 'द इन्व्हिजिबल मॅन' तर मी आदर्श मानते. १९३३ मध्ये क्लॉड रेन्स डोक्यावरच्या पट्ट्या सोडवत जातो आणि आत काहीच नसतं. जॉन फुल्टनने ते काळ्या मखमलीच्या आधाराने साधलं होतं. मागे काळी मखमल, नटाच्या अंगावरही काळी मखमल, वर फक्त कपडे, आणि मग ते चित्रण दुसऱ्या चित्रणात मिसळलेलं. आजही पाहताना थक्क व्हायला होतं. व्हॅनेलने ही युक्ती मोठी करून दाखवायचा मोह टाळला. त्याने कॅमेरा त्या माणसावरून काढून त्याला घाबरणाऱ्या बाईवर नेला. एलिझाबेथ मॉस न्हाणीघरात आहे, वाफ आहे, आणि काचेवर तळहाताचा ठसा उमटतो. हात दिसतच नाही, दिसतो तो ठसा. ती सांगतेय आणि कोणी विश्वास ठेवत नाही, हे त्या चित्रपटातलं खरं भय. सुमारे ७० लाख डॉलरांत बनलेला चित्रपट, मोठ्या रिमेकच्या मानाने अगदी किरकोळ खर्च. पैसा लागतोच, पण आधी कोणाच्या बाजूने उभं राहायचं ते ठरावं लागतं.

याच्या उलट २०१७ चा 'द ममी'. तो प्रदर्शित व्हायच्या आधीच पुढच्या सगळ्या राक्षसांची एकत्र मालिका जाहीर झाली होती. मी खूप आशेने पाहायला गेले. चित्रपटभर पुढच्या चित्रपटांचीच तयारी चाललेली, समोरच्या ममीला श्वास घ्यायला जागाच नाही. १९३२ मध्ये कार्ल फ्रॉइंडने काय केलं होतं? डोळ्यांची जेमतेम फट, छातीवरून सुटणारे हात, टेबलावरच्या पोथीवर येणारा एकच हात, आणि मग दाराबाहेर घसटत गेलेल्या दोन पट्ट्या. चालणारी ममी आपण पाहतच नाही. वेडाने हसत सुटलेला तो तरुण पाहतो, आणि त्याच्या हसण्यावरून आपल्याला कळतं.

गिल-मॅनचं काही बरं-वाईट होणार असेल तर ते असं होऊ नये, एवढीच माझी इच्छा.

शनिवार, पहाट

गिल-मॅन दोन माणसांचा बनलेला होता. जमिनीवर बेन चॅपमन, पाण्याखाली रिकू ब्राउनिंग. पाण्याखालचं चित्रण फ्लोरिडातल्या वाकुला स्प्रिंग्जच्या नितळ पाण्यात झालं. पोशाखात हवेची टाकी बसवायला जागा नव्हती, त्यामुळे ब्राउनिंग श्वास रोखूनच पोहायचा, मिनिटं-मिनिटं, आणि चित्रणाच्या मध्ये नळीतून हवा घ्यायचा. त्याच्या पोहण्यात जी सहजता आहे तिच्या आत एक दम कोंडलेला माणूस आहे, हे कळल्यापासून मला ती दृश्यं वेगळीच दिसतात.

आणि हा देह ज्या बाईने कल्पिला तिचं नाव मिलिसंट पॅट्रिक. तिची रेखाटनं, तिची कल्पना. स्टुडिओने तिला प्रसिद्धीच्या दौऱ्यावर पाठवलं, पण मेकअप विभागाचा प्रमुख बड वेस्टमोर याला तिचं कौतुक सहन झालं नाही. श्रेय त्याच्याकडे गेलं, तिचं तिथलं काम थांबलं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. नव्या चित्रपटाकडून माझी पहिली मागणी हीच आहे, आणि ती कथेबद्दलची नाहीच: तिचं नाव पडद्यावर, मोठ्या अक्षरांत.

दुसरी मागणी, आत माणूस हवा. संगणकाने पाणी करा, तळाचं गवत करा, काय हवं ते करा. पण त्या कातडीच्या आत कोणाचा तरी दम कोंडलेला असला पाहिजे. गिलेर्मो देल तोरोला हे नीट कळतं. त्याला लहानपणापासून वाटायचं की गिल-मॅन आणि त्या चित्रपटातली मुलगी एकत्र यावीत, आणि त्यातूनच २०१७ चा 'द शेप ऑफ वॉटर' झाला, डग जोन्स पोशाखाच्या आत. चार ऑस्कर मिळाले. त्याच्या २०२५ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्येही जेकब एलोर्डी तासन्‌तास मेकअपला बसायचा, आणि शरीराच्या हालचालींसाठी त्याने जपानी बुतो नृत्याचा अभ्यास केला. मी तो पाहताना त्याच्या हातांकडेच बघत होते. नुकतंच जन्मलेलं माणूस आपली बोटं कशी बघतं, तसे ते हात होते.

तरीही 'द शेप ऑफ वॉटर' हा रिमेक नव्हे. ती देल तोरोची स्वतःची गोष्ट, आणि ती प्रयोगशाळेच्या टाकीत घडते. मला ते तळं परत हवंय.

रविवार, रात्र

तिसरा भाग आज पाहिला. 'द क्रीचर वॉक्स अमंग अस', १९५६. तो फारसा कोणी पाहत नाही. त्यात गिल-मॅन आगीत भाजतो, कल्ले जळून जातात, आणि डॉक्टर त्याला फुप्फुसांनी जगायला लावतात. माणसांचे कपडे घालतात. शेवटी तो समुद्राकडे चालत निघतो. आता पाण्यात गेला तर तो बुडेल, आणि तरी तो पाण्याकडेच जातो. तिथे चित्रपट संपतो, साठहून अधिक वर्षं तो तसाच त्या किनाऱ्यावर उभा आहे.

झोपायच्या आधी पहिल्या भागातलं पोहण्याचं दृश्य परत लावलं. वर पांढऱ्या पोहण्याच्या वेशात ती, तिला काहीच ठाऊक नाही. खाली तो, उताणा, तिच्या प्रत्येक हालचालीला जुळवून घेत. दोघांमध्ये हातभर पाणी. मग तो हात वर करतो, तिच्या पावलापर्यंत नेतो, जेमतेम स्पर्श करतो आणि लगेच मागे घेतो. एवढ्या ताकदीचा प्राणी, आणि घाबरलाय तो.

नवा चित्रपट कधी का येईना, मी पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला जाणार. सुरुवातीचा जीवाश्म कसा असेल, तळं कुठलं असेल, पोशाख कोणाचा असेल, हे सगळं पाहीनच. पण हा हात मागे घ्यायला तो किती वेळ लावतो, ते मला मोजायचंय.