ओव्हनमध्ये वाळलेला पुरावा

माझ्या पीएचडीचा दगड उत्तर समुद्राच्या दक्षिण भागातला, नॉरफोकच्या किनाऱ्यासमोरचा. नाव रोटलिगेंड. पर्मियन काळातल्या वाळवंटाची ही वाळू आता समुद्रतळाखाली दोन-तीन किलोमीटर गाडली गेलीय. खालच्या कार्बोनिफेरस कोळशातून निघालेला गॅस तिच्यात शिरला आणि वरच्या झेकस्टाइन मिठाच्या थराने तो कोंडून धरला. ब्रिटनला समुद्रातला पहिला गॅस याच दगडात सापडला, 1965 साली, वेस्ट सोल क्षेत्रात. मी चंद्रपूरची. आमच्याकडचा कामठीचा वालुकाश्मही साधारण त्याच सुमाराचा, त्यामुळे गाईडने पहिला लालसर तुकडा हातात ठेवला तेव्हा फारसं परकं वाटलं नाही.

काम मॉडेलचं. दगडाचा छोटा तुकडा मायक्रो-सीटीत, म्हणजे क्ष-किरणांनी आतलं बारीक दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये, फिरवायचा, मिळालेल्या चित्रांतून कण आणि छिद्रं वेगळी करायची, आणि कॉम्प्युटरवर त्या छिद्रांतून गॅस वाहवून पारगम्यता, म्हणजे दगडातून गॅस किती सहज वाहतो ते, काढायची. या थरासाठी मॉडेल 40 मिलीडार्सीच्या (हे पारगम्यतेचं एकक) आसपास सांगत होतं. त्याच कोअरच्या, म्हणजे विहिरीतून काढलेल्या दगडाच्या दांड्याच्या, प्लगवर (त्यातून कापलेल्या छोट्या तुकड्यावर) लॅबमध्ये मोजलेला आकडा 35. सच्छिद्रता, म्हणजे दगडातल्या रिकाम्या जागेचं प्रमाण, दोन्हीकडे 13 टक्क्यांच्या घरात. एवढं जुळलं की पीएचडीवाला माणूस पार्टी देतो. मीही दिली.

मग विहिरीच्या चाचणीचा अहवाल आला. विहीर बंद करून दाब कसा चढत जातो ते बघतात आणि त्यावरून थराची पारगम्यता काढतात. तिथे आकडा 2 च्याही खाली.

नेहमीचे संशयित आधी तपासून झाले. विहिरीलगतचा दगड खोदकामाच्या चिखलाने बुजला असेल, तर ते त्याच चाचणीत वेगळं दिसतं. तसं काही नव्हतं. कमी दाबाखाली बारीक छिद्रांतून गॅस जरा जास्तच सहज सरकतो, ती क्लिंकेनबर्ग दुरुस्ती आधीच केलेली होती. वरच्या खडकाचं ओझं धरून मोजलं तर आकडा उतरला, पण 25 च्या खाली जाईना. गाईड शांत होता. त्याने एवढंच विचारलं, "प्लग वाळवला कसा?"

कसा म्हणजे? ओव्हनमध्ये. सगळे तसंच वाळवतात.

त्याला आठवत होतं ते 1982 सालचं काम. अॅबरडीनच्या मॅकॉले संस्थेतल्या लोकांनी मॅग्नस या तेलक्षेत्राच्या वालुकाश्मात केसासारखी इलाइट माती पाहिली होती. दगड साधा वाळवला की ते केस आडवे पडतात, असं त्यांना दिसलं होतं. आमच्याकडे नशिबाने एका नव्या विहिरीचा कोअर होता, रिगवरच फॉइलमध्ये गुंडाळून मेणात बुडवलेला, आतून अजून ओला. त्यातून जुळे तुकडे काढले. एक ओव्हनमध्ये गेला. दुसऱ्यातलं खारं पाणी हळूहळू मिथेनॉलने हटवलं, मिथेनॉलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरला आणि तो 31 अंश सेल्सियस आणि 74 बारच्या वर नेला. त्या टप्प्यापलीकडे द्रव आणि वायू यांच्यात सीमाच उरत नाही. सीमा नाही म्हणजे पृष्ठताण नाही, आणि केसांना ओढणारं कुणी नाही. वेळखाऊ आणि कंटाळवाणं काम आहे. दाबाच्या काट्यावरून नजर हटवायची सोय नाही.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे. मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणायचे. त्यांनी दोन्ही तुकड्यांवर सोन्याचा पातळ थर चढवला आणि आधी ओव्हनवाला आत सरकवला. स्वच्छ दगड. गोलसर क्वार्ट्झचे कण, मध्ये मोकळी छिद्रं, माझ्या सीटीच्या चित्रात होती अगदी तशी. कणांच्या अंगावर एक चुरगळलेला पापुद्रा तेवढा होता. असा पापुद्रा मी आधी शंभरदा बघितला असेल आणि "थोडी माती" म्हणून सोडून दिला असेल.

मग दुसरा तुकडा. काकांनी फोकस लावला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. छिद्र तेवढंच, कण तसेच; पण प्रत्येक कणावरून बारीक तंतू निघून छिद्राच्या मधोमध आलेले, समोरच्या कणावरून आलेल्यांत गुंतलेले. काही ठिकाणी छिद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत विणून काढलेलं. तंतूची जाडी मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी. माझ्या स्कॅनचा एक ठिपकाच दोन मायक्रोमीटरचा, त्याला हे दिसणार कसे? ओव्हनवाल्या तुकड्यातला तो पापुद्रा म्हणजे हेच तंतू. रंगाचा ब्रश पाण्यातून बाहेर काढल्यावर केस चिकटून बसतात, तसं सुकताना पाण्याने त्यांना कणाला चिकटवून टाकलं होतं.

म्हणजे मॉडेल आणि लॅब यांचं जे सूत जुळलं होतं ते यामुळे. स्कॅनला तंतू दिसत नव्हते आणि लॅबने ते मोजायच्या आधीच झोपवले होते. दोघांनी एकच गोष्ट गाळून एकमेकांची साक्ष दिली. सच्छिद्रतेत फरक पडण्याचं कारणच नव्हतं. तंतू जागा अगदी थोडी खातात, वाट मात्र अडवतात.

"छान आहे," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच.

तशाच पद्धतीने वाळवलेल्या प्लगवर पुढे पारगम्यता मोजली, ती 4 च्या आत आली. खडकाचं ओझं आणि थरात कणांना धरून राहिलेलं पाणी हिशोबात घेतल्यावर विहिरीचा आकडा आवाक्यात आला. अगदी तोच आला असं म्हणणार नाही.

खरी पंचाईत पुढे होती. मॉडेल घासूनपुसून नीट करण्यासाठी मी जुन्या अहवालांतले आकडे ढिगाने घेतले होते, आणि ते बहुतेक सगळे ओव्हनमध्ये वाळवलेल्या प्लगचे. कीवर्थला ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या भांडारात जुने कोअर रांगेने ठेवलेत, पण ते केव्हाच वाळलेत. तिथे जाऊन आता तंतू उभे करता येत नाहीत. मी उत्साहात सगळ्या थरांच्या पारगम्यतेला सरसकट एक कात्री लावून गाईडकडे नेली. त्याने तक्ता पाहिला आणि केओलिनाइट या दुसऱ्या मातीच्या थरांवर पेन्सिलने फुल्या मारल्या. त्या मातीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, वाळवल्याने त्यांना असं काही होत नाही. "यांचे जुने आकडे बरोबर आहेत," तो म्हणाला, "आता जिथे तिथे इलाइट शोधू नकोस."