झापोतोत्स्की अल्बम: सहावं पान लागलं

महिनाभर पाचव्या पानावर अडले होते. रविवारी चेकोस्लोव्हाकियाचा कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्ष अंतोनिन झापोतोत्स्की याच्यावरच्या माझ्या टपालतिकिटांच्या अल्बमचं सहावं पान एकदाचं लागलं.

पहिली पानं भरभर झाली. १८८४ साली क्लादनोजवळच्या झाकोलानीत जन्म. वडील चेक समाजवादी चळवळीच्या पहिल्या फळीतले, मुलगा पाथरवट. १९२० च्या डिसेंबर संपात क्लादनोच्या कामगारांचं पुढारपण केलं आणि तुरुंगात गेला. १९२१ मध्ये सोशल डेमोक्रॅट डाव्या गटातून कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला, त्यात हा होता. १९४० ते ४५ नाझींची साक्सेनहाउझेन छळछावणी.

अडचण पुढे होती. युद्धानंतर तो कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाचा अध्यक्ष झाला. २४ फेब्रुवारी १९४८ ला याच मंडळाने तासाभराचा देशव्यापी संप घडवून कम्युनिस्टांच्या सत्ताग्रहणाला जोर दिला. जूनमध्ये तो पंतप्रधान, मार्च १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष. माझ्या मते त्याचा खरा बदल इथे आहे, १९२१ मध्ये नाही. पूर्वी संप हे कामगाराचं हत्यार होतं. आता राज्यच कामगारांचं, मग संप कशाला, असं तो मानू लागला.

म्हणून सहाव्या पानावर पदांची यादी काढून टाकली आणि एकच पाकीट लावलं: त्याच्या चेहऱ्याचं ६० हालेरचं (१०० हालेर म्हणजे एक कोरुना) तिकीट, वर पिल्झेन शहराचा टपालशिक्का. तिकिटाच्या डाव्या कडेचा एक दात तुटलाय. तिकीट भिजवून सोडवायचं म्हणून पाणी काढलंही होतं, पण भिंगातून पाहिलं तर शिक्क्याचं गावाचं नाव अर्धं तिकिटावर, अर्धं कागदावर. पाणी ओतून दिलं.

पिल्झेन का? २९ मे १९५३ ला राष्ट्राध्यक्षाने रेडिओवरून चलन भक्कम असल्याचं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी चलनबदल जाहीर झाला. माणशी ३०० कोरुनांपर्यंतची रोकड पाचास एक दराने, म्हणजे जुन्या पाच कोरुनांना नवी एक; त्यावरची पन्नासास एक. १ जूनला पिल्झेनमध्ये स्कोडाच्या यंत्रकारखान्यातले कामगार रस्त्यावर उतरले, नगरभवनात घुसले. क्लादनोच्या पुढाऱ्याविरुद्ध कामगार! ते पाकीट हातात धरलं की मला अजून गलबलतं.

आता शेजारी जोड हवी. मे १९५३ चं, जुन्या तीन कोरुनांचं तिकीट लावलेलं पाकीट कोणाकडे जादा असेल तर कळवा. पाचास एकने तीन कोरुना म्हणजे बरोबर ६० हालेर. बदल्यात त्याच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष गोटवाल्ड याची, माझ्याकडे दुबार असलेली तिकिटं देईन.