ऑप्टमधली पायथनं: फोल्डर पक्कं, सिमलिंक फिरती

एकाच लिनक्स मशीनवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या तीन-चार आवृत्त्या असणं आता नेहमीचं झालंय. जुनं काम ३.९वर अडकलेलं, नवं ३.१२वर. घोळ सुरू होतो फोल्डरच्या नावापासून. 'पायथन-नवीन' सहा महिन्यांत जुनं होतं, मग 'पायथन-नवीन-२' जन्माला येतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

ऑप्ट म्हणजे वेगळ्याने टाकलेल्या सॉफ्टवेअरचं फोल्डर. त्यात नाव पूर्ण आवृत्तीचंच ठेवा: /ऑप्ट/पायथन/३.१२.४. तिसरा आकडा गाळू नका. सोर्स कोडमधून बिल्ड करताना कॉन्फिगर स्क्रिप्टच्या --प्रिफिक्सला (इन्स्टॉल कुठे करायचं ते सांगणाऱ्या पर्यायाला) हाच पाथ द्या आणि नंतर फोल्डरचं नाव बदलू नका. पिपसारख्या (पायथनची पॅकेजेस उतरवणाऱ्या) स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तो पाथ कोरलेला असतो. फोल्डर हललं की 'बॅड इंटरप्रिटर'.

कॉन्फिगर आणि मेक साध्या युजरने चालवा, सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) फक्त शेवटी, तेही 'मेक ऑल्टइन्स्टॉल'साठी. त्याने फक्त पायथन३.१२ या नावाची फाइल बनते, नुसतं पायथन३ बनत नाही. प्रिफिक्स वेगळा असताना ही काळजी कशाला? कारण उद्या कुणीतरी त्यातलं बिन फोल्डर 'पाथ'मध्ये (आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) पुढे लावणारच, आणि मग आतलं पायथन३ सिस्टीमच्या पायथन३ला झाकून टाकेल. /यूएसआर/बिन/पायथन३ला तर हातच लावू नका. उबुंटूवर ते फिरवलं की एपीटीची (उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरची) पायथनमध्ये लिहिलेली टूल्स 'एपीटी_पीकेजी' मॉड्यूल सापडत नाही म्हणून कोसळतात. ते मॉड्यूल उबुंटूसोबत आलेल्या पायथनच्याच आवृत्तीसाठी कंपाइल केलेलं असतं.

--एनेबल-शेअर्ड (पायथनचा गाभा वेगळ्या लायब्ररी फाइलमध्ये ठेवणारा कॉन्फिगरचा पर्याय) वापरलं तर खरी गंमत. ३.१२.३ आणि ३.१२.४, दोन्हींच्या लायब्ररीचं नाव एकच: लिबपायथन३.१२.एसओ.१.०. एलडी_लायब्ररी_पाथमध्ये (लायब्ररी शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) चुकीचं फोल्डर आधी आलं, की ३.१२.४ चालवल्यावर आत ३.१२.३ची लायब्ररी लोड होते, आणि तक्रार कुठेच दिसत नाही. म्हणून त्या यादीवर विसंबू नका, बिल्डच्या वेळीच एलडीफ्लॅग्जमध्ये आरपाथ (प्रोग्राममध्येच कोरलेला लायब्ररीचा पाथ) द्या. शेअर्डची गरज नसेल तर तो पर्याय लावूच नका, सुखी राहाल.

इन्स्टॉल झाल्यावर लगेच 'इम्पोर्ट एसएसएल' करून बघा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या हेडर फाइल नसल्या तरी बिल्ड पूर्ण होतं, मात्र पुढे पिपला एचटीटीपीएसवरून काहीच उतरवता येत नाही.

आता सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे नेणारं नुसतं नाव. /ऑप्ट/पायथन/३.१२ ही ३.१२.४कडे बोट दाखवते. ती फिरवायला 'एलएन -एसएफएन' वापरा. यातला एन विसरलात तर जुनी लिंक तशीच राहते आणि नवी लिंक जुन्या आवृत्तीच्या फोल्डरच्या आत जाऊन बसते. शिवाय जुन्या सिस्टीमवर ही आज्ञा आधी जुनी लिंक काढते, मग नवी बनवते. मधल्या क्षणी क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम सुरू झालं तर पाथच सापडत नाही. चालू सर्व्हरवर तात्पुरत्या नावाने लिंक बनवून 'एमव्ही -टी'ने जुनीवर सरकवा. तो बदल एका फटक्यात होतो.

जुनी आवृत्ती उडवण्यापूर्वी प्रत्येक व्हेन्व्हच्या (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथन वातावरणाच्या) पायव्हेन्व्ह.सीएफजीमधली 'होम' ओळ ग्रेपने शोधा. तिथे ३.१२.३ दिसलं, तर फोल्डर पुसताच ते व्हेन्व्ह मेलंच. नव्या आवृत्तीवर पुन्हा बनवून घ्या. क्रॉनटॅबही (क्रॉनच्या कामांची यादी) चाळा. क्रॉनचा पाथ तोकडा असल्याने तिथे सगळे पूर्ण पाथ लिहून ठेवतात, आणि आवृत्ती बदलताना नेमके तेच विसरतात.